पंच्याहत्तर टक्के निपुण: आकडा येतो कुठून?

खडूफळा

मार्च २०२५ मध्ये दुसरी ते पाचवीसाठी 'निपुण महाराष्ट्र'चा कृती कार्यक्रम आला. ३० जूनपर्यंत शाळेतली किमान ७५ टक्के मुलं वाचन, लेखन आणि संख्याज्ञानात ठरलेल्या पातळीला आली पाहिजेत, असं उद्दिष्ट. कागदावर हे जवळजवळ चार महिने दिसतात. त्यातून एप्रिलमधली वार्षिक परीक्षा काढा, अख्खी उन्हाळी सुट्टी काढा, आणि जूनमध्ये शाळा महिन्याच्या मध्यावर उघडतात (विदर्भात त्याहून उशिरा) हेही धरा. शिकवायला चाळिसाच्या आत दिवस उरतात. जे मूल तिसरीपर्यंत अक्षरावर अडकलंय, ते या दिवसांत गोष्ट वाचू लागेल असं हिशोब करणाऱ्यालाही वाटलं नसावं.

मुळात केंद्राचं 'निपुण भारत' अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं. २०२६-२७ पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं, हे त्याचं ध्येय. तिसरीला मिनिटाला किमान ६० शब्द वाचन आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या. या ध्येयाशी माझं काही भांडण नाही. प्रश्न मोजणीचा आहे.

दोनशिक्षकी शाळा घ्या, पट ४०. एका मुलाची पातळी प्रामाणिकपणे बघायची तर उतारा वाचून घेणं, त्यावर चार-पाच प्रश्न, थोडं श्रुतलेखन, संख्यावाचन, बेरीज-वजाबाकी, आणि नोंद. दहा मिनिटांच्या खाली होत नाही. म्हणजे ४०० मिनिटं, पावणेसात तास. अध्यापनाचे दिवसाला पाच तास धरले तर एक शिक्षक सव्वा दिवसाहून जास्त याच कामात, आणि दुसऱ्याकडे सगळे वर्ग. मग ॲपमध्ये माहिती भरायची, नेट नसेल तर रेंज शोधायची. हे दर महिन्याला. त्यामुळे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे: मूल समोर न बसवता, 'याला एवढं येतं' अशा अंदाजाने रकाने भरले जातात.

आणि ही संख्या चढते कशी बघा. शिक्षक, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी, मग पुण्याचं शिक्षण आयुक्तालय. या साखळीतल्या प्रत्येकाचं मूल्यमापन त्याच आकड्यावर होतं. आकडा कमी निघावा असं वाटणारा एकही माणूस या वाटेवर नाही. ज्याचा निकाल आहे त्यानेच पेपर तपासायचा आणि त्यानेच निकाल लावायचा, अशी ही व्यवस्था.

चर्चा 'शिक्षक कामचुकार' किंवा 'सरकार नालायक' इथे संपू नये एवढीच विनंती. मोजणी नेमकी कुठे नासते ते बघू.

वजाबाकी

चांगला धागा. यातली मूळ गफलत एका उदाहरणात दाखवता येते.

५३ − २८. बरोबर उत्तर २५. मुलाने ३५ लिहिलं. ॲपमध्ये नोंद 'वजाबाकी येत नाही'. पण ३५ येण्याची दोन कारणं असू शकतात. एक, मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतंय: ८ − ३ = ५ आणि ५ − २ = ३. त्याला दशक सुटा करणं ही गोष्टच माहीत नाही. दोन, त्याने दशक सुटा केला, १३ − ८ = ५ बरोबर काढलं, पण दशकाच्या घरातला एक कमी करायला विसरलं. पहिल्या मुलाला काड्यांचे दशक गठ्ठे हातात देऊन पार मुळापासून सुरुवात करावी लागेल. दुसऱ्याला दोन दिवस 'वर काय उरलं ते लिही' एवढी सवय लावली की पुरे. आकड्यात दोघं सारखीच नापास.

गंमत म्हणजे प्रश्नच चुकीचा निवडलाय. ५२ − २८ द्या. मोठ्यातून लहान काढणाऱ्याचं उत्तर ३६ येईल, विसरणाऱ्याचं ३४. एक अंक बदलला आणि चूक स्वतःच बोलायला लागली. निदानासाठी काढलेला प्रश्न आणि टक्केवारीसाठी काढलेला प्रश्न वेगळे असतात ते असे. टक्केवारीवाल्याला उत्तर चूक की बरोबर एवढंच हवं असतं. शिक्षकाला चूक कोणती ते हवं असतं. आपल्याकडे एकच कागद दोन्ही कामांना लावतात आणि दोन्ही कामं बिघडतात.

साहेबखाना

दुसरी बाजू मांडतो, शिव्या खायची तयारी ठेवून.

आकडा मागितला नाही तर काय होतं तेही महाराष्ट्राने पाहिलंय. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. कल्पना उत्तम: पहिली-दुसरीला आकारिक (वर्षभर चालणारं) ७०, संकलित (सत्राअखेरची परीक्षा) ३०, तिसरी-चौथीला ६०-४०, पाचवी-सहावीला ५०-५०, सातवी-आठवीला ४०-६०. आकारिकसाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय, इतर अशी आठ तंत्रं. प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी. पाच वर्षांत त्याचं काय झालं? 'वर्णनात्मक नोंदी' नावाच्या तयार पीडीएफ फिरू लागल्या. 'स्वतःहून प्रश्न विचारतो', 'कवितेचे सुरात गायन करते' हीच वाक्यं नंदुरबारपासून सिंधुदुर्गापर्यंत. पत्रकात ब-१ श्रेणीच्या खाली कोणी नाही, आणि वर्गात निम्म्यांना जोडाक्षर वाचता येत नाही.

तेव्हा कुणी उद्दिष्ट दिलेलं नव्हतं, धमकी नव्हती. तरी नोंदी खोट्याच होत्या. २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'च्या निर्णयाने निदान 'प्रत्येक मूल शिकलं का' हा प्रश्न टेबलावर आणला. साताऱ्याच्या कुमठे बीटचं (बीट म्हणजे शाळांचा गट) काम बघायला राज्यभरातून शिक्षक गेले ते त्याच सुमारास. सगळंच नाटक नव्हतं. गावाकडच्या गरीब पोराला काही येत नाही हे जर कुठल्याच तक्त्यात दिसलं नाही, तर त्याच्यासाठी पैसा आणि माणूस कोण देणार? 'आकडे नकोत' म्हणणं शहरातल्या शिकवणीवाल्यांना परवडतं.

खडूफळा

साहेबखाना, शिव्या नाहीत, मुद्दा रास्त आहे. फक्त एक दुरुस्ती. २०१० च्या नोंदी उद्दिष्ट नव्हतं म्हणून खोट्या झाल्या नाहीत. ४० मुलांच्या, आठ तंत्रांच्या, प्रत्येक विषयाच्या नोंदी दोन सत्रांत लिहायच्या हे कामच दोन माणसांना झेपणारं नव्हतं, आणि तपासणीला आलेला माणूस नोंदवही भरली आहे का ते बघायचा, मूल बघायचा नाही. तेव्हा वही भरली होती का बघायचे, आता ॲप भरलं आहे का बघतात.

प्रगतच्या वेळीही तेच. सुरुवातीला कुमठ्याचं सूत्र होतं की मूल कुठे आहे ते बघा आणि तिथून पुढे न्या. काही महिन्यांत त्याचे २५ निकष झाले, मग 'माझी शाळा प्रगत', मग 'माझं केंद्र १०० टक्के प्रगत', मग जिल्ह्याजिल्ह्यांत शर्यत. ज्ञानरचनावादाची (मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचतं हा विचार) खूण म्हणून जमिनीवर ऑइलपेंटने तक्ते रंगवले. फरशी रंगवलेली दिसते, फोटोत येते. मूल विचार करतंय हे फोटोत येत नाही.

पटावरचा

तुम्ही सगळे टक्केवारीतल्या अंशाबद्दल बोलताय. छेदाबद्दल कुणीच बोलत नाही. खरं राजकारण पटात आहे.

शिक्षकांची पदं ठरतात संचमान्यतेने, आणि तिचा आधार ३० सप्टेंबरचा पट. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला ६० पटापर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. म्हणजे पट ६१ वरून ६० झाला की एक पद धोक्यात. एका मुलाने एक नोकरी हलते. अशा ठिकाणी पट हे माहितीचं साधन राहत नाही, तेच उद्दिष्ट बनतं.

याचं फळ ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत दिसलं. राज्यभर एकाच वेळी मोजणी, तेच मूल दोन शाळांत दाखवू नये म्हणून बोटाला शाई, मतदानासारखी. बोगस नावं लाखांत निघाली. त्यावर उपाय म्हणून ऑनलाइन नोंदणी आणि आधार आलं. आता उलटा घोळ. मूल रोज शाळेत येतं, पण जन्मदाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, किंवा जन्मतारीख जुळत नाही. पोर्टलवर ते 'अवैध'. ते संचमान्यतेत धरलं जात नाही. पूर्वी नसलेली मुलं पटावर होती, आता असलेली पटाबाहेर. दुरुस्तीसाठी आईबापांनी रोजगार बुडवून तालुक्याला आधार केंद्रावर जायचं, बोटांचे ठसे नीट उमटले नाहीत तर परत जायचं. ऊसतोडीला जाणारं कुटुंब सप्टेंबरअखेर गावात असतं, दिवाळीच्या आसपास जातं, ते बरं. वीटभट्टीवाल्यांचं तेही सांगता येत नाही.

पदांसाठीच्या पटाचे निकष बदलणाऱ्या १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयावरून एवढा गदारोळ का झाला ते या हिशोबात बघा. आणि ही सगळी दुरुस्ती करतं कोण? तोच शिक्षक, ज्याने ३० जूनपर्यंत ७५ टक्के मुलं निपुण करायची होती.

लिंकभरू

पटावरचा +१

शिक्षकाच्या या कामांच्या यादीत भर: मुख्यमंत्र्यांच्या पत्रासोबत मुलांचे सेल्फी अपलोड करणे (फेब्रुवारी २०२४), शाळासिद्धीची (शाळेचं स्वयंमूल्यमापन) ७ क्षेत्रं आणि ४६ मानकं, 'सुंदर शाळा' स्पर्धेचे गुण, वृक्षारोपणाचे फोटो अक्षांश-रेखांशासह, स्वच्छता पंधरवड्याचा अहवाल, खिचडीचा रोजचा लाभार्थी आकडा. सगळ्यांत लाडकं वाक्य: 'माहिती आजच सायं. ५ पर्यंत, निरंक असल्यास निरंक कळवावे.' आपल्याकडे काही नाही हे कळवण्यासाठीसुद्धा शिकवणं थांबवावं लागतं.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये शिक्षकाला फक्त तीन अशैक्षणिक कामं देण्याची मुभा आहे: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण, निवडणुका. गोम अशी की वरच्या यादीतलं बहुतेक काम 'शैक्षणिक'च म्हणवलं जातं. त्यामुळे कलम २७ तिथे लागूच होत नाही.

निकालपत्र

मोजपट्टी बदलली की निकाल कसा उड्या मारतो त्याचं सगळ्यांत स्वच्छ उदाहरण दहावीचं.

मार्च २०१८: ८९.४१ टक्के. मार्च २०१९: ७७.१० टक्के. मार्च २०२०: ९५.३० टक्के.

२०१९ ला भाषा विषयांचे शाळेच्या हातातले २० गुण काढले आणि पूर्ण लेखी परीक्षा घेतली. ओरड झाली, पुढच्या वर्षी २० गुण परत. दोन वर्षांत बारा खाली, अठरा वर. मुलं तशीच, शिक्षक तेच, शाळा त्याच. यातला कुठला आकडा खरा? माझ्या मते प्रश्नच फसवा. उत्तीर्ण होण्याची रेषा ३५ ला आहे, आणि त्यातले २० शाळा देणार असेल तर लेखीत ८० पैकी फार थोडे लागतात. शाळेचा निकाल १०० टक्के लागावा हे संस्थेचं उद्दिष्ट असेल तर ते २० कोणाला किती मिळतील हे न बघताही सांगता येतं.

आता राज्याचा निकाल. केंद्राच्या शैक्षणिक कामगिरी निर्देशांकात २०२०-२१ ला महाराष्ट्राला १००० पैकी ९२८. केरळ आणि पंजाबसोबत अगदी वरच्या रांगेत, पेढे वाटून झाले. त्या १००० ची फोड बघितली का कुणी? अध्ययन निष्पत्तींना १८०. प्रशासकीय प्रक्रियांना ३६०. म्हणजे मूल शिकलं का याच्या दुप्पट गुण माहिती ऑनलाइन भरली का, हजेरी डिजिटल आहे का, पैसे वेळेत वर्ग झाले का यांना. बरं, ते १८० सुद्धा नोव्हेंबर २०१७ च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाचे, कारण मधल्या काळात नवं सर्वेक्षणच नव्हतं. तीन-चार वर्षांच्या प्रगतीत शिकण्याचा आकडा जागचा हलू शकत नव्हता, हललं ते बाकीचं.

२०२१-२२ ला निर्देशांकाची रचना बदलली आणि २०२१ चं सर्वेक्षण धरलं. वरच्या पाच श्रेणींत एकही राज्य बसलं नाही. महाराष्ट्र ५८१ ते ६४० च्या गटात. पेढ्यांबद्दल वाचनात आलं नाही.

कोरा कागद

निकालपत्र, आकडे बरोबर पण २०१९ बद्दल अर्धीच गोष्ट. त्या वर्षी दहावीचा अभ्यासक्रम आणि आराखडाही नवा होता, कृतिपत्रिकेची (कृतींवर आधारलेली प्रश्नपत्रिका) सवय नव्हती. सगळे बारा टक्के अंतर्गत गुणांच्या खात्यात टाकू नका. आणि २०२० ला भूगोलाचा पेपर टाळेबंदीमुळे रद्द होऊन सरासरीने गुण दिले, तेही जोडा.

निकालपत्र

मान्य. दोन्ही गोष्टी जोडतो. त्याने मुद्दा पक्काच होतो: तीन वर्षांची तीन वेगळी मापं, आणि बातमी मात्र 'निकाल घसरला', 'निकाल उसळला'.

टेम्सकाठ

इंग्लंडमधलं एक उदाहरण इथे चपखल बसतं. तिथे २०१२ पासून सहा वर्षांच्या मुलांची ध्वनिवाचनाची तपासणी होते. ४० शब्द, त्यातले २० खरे आणि २० बनावट (म्हणजे पाठ करून वाचता येऊ नयेत). शिक्षक एकेका मुलाला समोर बसवून तपासतो. उत्तीर्ण व्हायला ३२. पहिली दोन वर्षं ही ३२ ची रेषा शिक्षकांना आधीच माहीत होती. किती मुलांना किती गुण याचा आलेख काढला तर ३१ वर खड्डा आणि ३२ वर थेट कडा. २०१४ पासून रेषा तपासणी संपल्यावर जाहीर करायला लागले आणि तो कडा बराच विरघळला. रेषा मात्र पुन्हा ३२ च निघाली!

यात कुणी ठरवून लबाडी केली असं म्हणायची गरज नाही. मुलाने शब्द अर्धवट उच्चारला, शिक्षकाला मूल माहीत आहे, एका गुणाने ते नापास होतंय. संशयाचा फायदा दिला जातो. हजारो वर्गांत हेच झालं की आलेखात कडा दिसतो.

दुसरं तिथलंच. बराच काळ माध्यमिक शाळांची तुलना किती टक्के मुलांना पाच विषयांत 'सी' किंवा वर श्रेणी मिळाली यावर होई. मग सगळे जादा तास 'डी'वर अडकलेल्यांना. जे 'एफ'ला आहेत त्यांच्यावर वेळ घालवून टक्का हलत नाही, 'ए'वाले तसेही पास. २०१६ पासून प्रत्येक मुलाची प्रगती मोजणारं माप आणलं, त्यातही पळवाटा निघाल्या, पण काठावरच्या मुलांचा तो खेळ बराच थांबला.

वजाबाकी

टेम्सकाठ, काठावरचा खेळ ७५ टक्क्यांत जसाच्या तसा आहे. वर्गात २० मुलं. १५ हवीत. ११ जमलेली आहेत. आता शहाणा शिक्षक काय करेल? शब्द वाचणारी चार मुलं उचलेल, त्यांना उताऱ्यापर्यंत नेईल. अक्षर न ओळखणारी पाच तशीच राहतील, कारण ती चाळीस दिवसांत रेषेपलीकडे जाणार नाहीत आणि रेषेपर्यंतची त्यांची वाटचाल मोजलीच जात नाही. मूल अक्षरावरून शब्दावर आलं ही वर्षातली सगळ्यांत मोठी घटना असू शकते. तक्त्यात शून्य.

आणि वाडीवस्तीवरच्या शाळेत तिसरीला चारच मुलं असतील तर? ७५ टक्के म्हणजे तीन. एक मूल भट्टीवर गेलं की शाळा २५ अंकांनी घसरते. या शाळेची त्या शाळेशी तुलना करून फलकावर नाव लावणं म्हणजे नाणं चारदा उडवून त्याला गुणवत्ता म्हणणं. हा नियम शाळेला लावूच नये, निदान केंद्राच्या खाली तरी नाही.

भाषाभान

मिनिटाला ६० शब्द, हे माप मराठीला जसंच्या तसं लावण्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहितो.

'आई घरी आली.' तीन शब्द, सहा अक्षरं.
'शेजाऱ्यांच्या म्हशीसाठी गवताच्या पेंढ्या आणल्या.' पाच शब्द, सतरा अक्षरं, त्यात सहा जोडाक्षरं.

पहिल्या पद्धतीने ६० शब्द म्हणजे १२० अक्षरं. दुसऱ्या पद्धतीने २०४. मराठी विभक्तीप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटवते. इंग्रजीत जे तीन सुटे शब्द असतात ते इथे एक होतात. उतारा कोण निवडतो त्यावर तेच मूल एका शाळेत निपुण आणि दुसऱ्या शाळेत नापास. मोजायचंच तर अक्षरं मोजा, आणि उताऱ्यात जोडाक्षरांचं प्रमाण ठरवून द्या.

दुसरं, वेग हे साधन आहे. फार हळू वाचलं तर वाक्याच्या शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरते, म्हणून वेग बघायचा. पण वेगाचं उद्दिष्ट दिलं की मुलं पूर्णविराम गिळून धावतात. आणि उतारा आधीच माहीत असेल तर पाठ म्हणतात, बोट एका ओळीवर आणि तोंड पुढच्या ओळीवर. हे पकडायला सोपी युक्ती: वाचून झालं की शेवटच्या ओळीतले शब्द उलट क्रमाने, उजवीकडून डावीकडे वाचायला सांगा. वाचणारं मूल वाचतं, पाठवालं थांबतं.

तिसरं, मेळघाटातलं कोरकू बोलणारं मूल, धडगावचं पावरी बोलणारं, भामरागडचं माडिया बोलणारं. पहिलीत मराठी ही त्यांच्यासाठी नवी भाषा. त्यांना अक्षर उलगडता येतं, अर्थ लागत नाही, कारण शब्दच ऐकलेला नाही. तो वाचनदोष नाही. तक्त्यात मात्र नंदुरबार, अमरावती, गडचिरोली कायम तळाला, आणि तिथल्या शिक्षकाला जादा नोटीस. भाषेसाठी एक जादा वर्ष किंवा द्विभाषिक साहित्य द्यायचं, ते राहतंच.

साहेबखाना

बरं, इतकं सगळं पटलं. ५२ − २८ तर उद्याच वापरेन. पण उद्या सकाळी मंत्रालयातून विचारलं, 'तालुक्यात किती मुलं वाचतात?' तर काय सांगायचं? 'आकडा अपवित्र आहे' असं उत्तर चालत नाही. पर्याय सांगा.

शिवाय डिसेंबर २०२३ पासून पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आहे, ३५ टक्के, नापास झाल्यास दोन महिन्यांत पुनर्परीक्षा, तरी नाही तर त्याच वर्गात. पालकांना ती हवी आहे, हे विसरू नका.

खडूफळा

पुनर्परीक्षेआधी जादा मार्गदर्शन द्यायचं असं नियमात आहे. ते कोणी, कधी, सुट्टीत की सुट्टीनंतर? २०२५ ला पहिली ते नववीचं वेळापत्रक ८ ते २५ एप्रिल आणि निकाल १ मे. शेवटचा पेपर आणि निकाल यांच्यात पाच दिवस. तपासणी, गुणपत्रकं, प्रगतिपुस्तकं, ऑनलाइन नोंदी, सगळं त्यात. पाच दिवसांत जो निकाल लावतो तो कोणाला नापास करायच्या भानगडीत पडत नाही, पुनर्परीक्षा घ्यावी लागते म्हणून. त्यामुळे परीक्षा आली तरी गाळणी तशीच.

वजाबाकी

साहेबखाना, पर्याय आहे आणि स्वस्त आहे. तालुक्याचा आकडा हवा असेल तर तालुक्यातलं प्रत्येक मूल मोजायची गरज नाही. भाताचं शीत बघतात, अख्खं पातेलं उपसत नाहीत.

चिठ्ठ्या टाकून ४० शाळा काढा. प्रत्येक शाळेत तिसरीच्या हजेरीपटावरून चिठ्ठीने १० मुलं, १० नसतील तर असतील तेवढी. साधारण ४०० मुलं. विखुरलेली ४०० मुलं असती तर खरा आकडा पाच टक्के इकडेतिकडे अशा अंदाजाने सांगता आला असता. इथे एकाच शाळेतली मुलं सारखी असतात म्हणून चूक थोडी वाढते, सात-आठ धरा. निर्णयाला तेवढं पुरतं. एका शाळेला १०० मिनिटं, प्रवास धरून दोघांची तुकडी दिवसाला दोन शाळा करते. पाच तुकड्या, चार दिवस, काम संपलं. दर मुलाला दहा मिनिटं द्यायला आता जो सगळ्या तालुक्याचा वेळ जातो, त्याच्या मानाने हा फारच कमी.

पाळायच्या गोष्टी चार, आणि चारही पाळल्या नाहीत तर करूच नका:

मोजणारा त्या तालुक्याचा नको. डाएट (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) किंवा दुसऱ्या तालुक्यातले छात्राध्यापक घ्या.

गैरहजर मूल वगळून पुढचं घेऊ नका. सगळ्यांत कच्ची मुलंच त्या दिवशी घरी ठेवली जातात. दुसऱ्या फेरीत शाळेत किंवा घरी जाऊन मोजा. 'असर' ही मुलांच्या वाचन-गणिताची देशव्यापी पाहणी करणारे घरी जाऊन मोजतात (जिल्ह्यात ३० गावं, गावात २० घरं) ते याचसाठी. २०२४ च्या त्यांच्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांच्या तिसरीतली २३.४ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकली. शाळेने स्वतः भरलेल्या तक्त्यात हा आकडा कधी दिसेल का, सांगा.

उतारे पाच-सहा प्रकारचे, अक्षरसंख्या सारखी, त्याच सकाळी पाकिटातून.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, शाळेचं नाव आकड्यासोबत वर जायचं नाही. एका शाळेतल्या दहा मुलांवरून शाळेबद्दल काही म्हणता येतच नाही, त्यामुळे नाव देणं चूकही आहे.

शिक्षकाची स्वतःची चाचणी मग पूर्ण त्याची राहील. ती ॲपमध्ये नाही, त्याच्या वहीत. कोण अक्षरावर, कोण शब्दावर, कोण ३६ लिहितंय, कोण ३४. ती कुणी मागितली नाही तरच खरी राहील.

पटावरचा

नाव वर जायचं नाही हे पहिल्या वर्षी टिकेल. दुसऱ्या वर्षी कोणीतरी आढावा बैठकीत विचारेल, 'त्या ४० शाळा कोणत्या?' आणि केंद्रप्रमुखाला यादी द्यावीच लागेल.

साहेबखाना

विचारतीलच. म्हणून शाळेचा क्रमांक मोजणाऱ्याच्या कागदावरच नसावा. पाकिटावर फक्त तालुका आणि मुलाचा चिठ्ठी क्रमांक. जे लिहिलंच नाही ते बैठकीत मागता येत नाही.

वजाबाकी

पण मग गैरहजर मुलाच्या दुसऱ्या फेरीला जाणार कसं?

साहेबखाना

दोन कागद. हजेरीचा कागद शाळेच्या नावाचा, तो तुकडीकडे राहील आणि दुसरी फेरी झाली की शाळेतच फाडायचा. गुणांचा कागद बिननावाचा, तोच फक्त तालुक्याला.

भाषाभान

हे चालेल. उताऱ्यांचं मी बघतो: दुसरीच्या पातळीचे सहा, प्रत्येकी १२० ते १३० अक्षरं, जोडाक्षरं बारापेक्षा जास्त नाहीत, विषय पाठ्यपुस्तकातला नाही. कोरकू आणि पावरीतले प्रश्न विचारायचे तर बोलणारी माणसं लागतील. उतारा मराठीच, पण 'काय झालं?' हे मुलाच्या भाषेत विचारायचं आणि उत्तरही तिच्यातलं धरायचं. धडगाव-अक्कलकुव्याकडचं कोणी इथे वाचत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.